गच्चीवर वाळवलेल्या दाढा

सावनेर, ६ मे १९८४

चि. अरुंधतीस यमुआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू इथल्या दातांच्या डॉक्टरकडे, लोकांच्या उपटलेल्या दाढा जमवाले, बाटली ठेवून गेली होती. ती भरली म्हणून त्यानं घरी पाठवून दिली. वास असा, की मले जेवण गेलं नाही. ते पाणी मी मोरीत ओतलं, दाढा सोडा घालून उकळल्या अन् गच्चीवर कुरडयांच्या बाजूले खडखडीत वाळवल्या. शेजारची प्रयागबाई विचारे, काहून वं, दाढांचं वाळवण करून राहिली का. मी म्हटलं, भाची संशोधन करून राहिली, तिले घाण माल पाठवू का.

मलमलच्या पुरचुंडीत बांधून तुझ्या बाबाजवळ दिल्या आहेत. आता प्रबंध उरक अन् परीक्षेले बस. पोटभर जेवत जा, आशीर्वाद आहेतच.

तुझी यमुआत्या


प्रताप नगर, नागपूर, १४ मे

ती. यमुआत्यास शि. सा. न. वि. वि.

पुरचुंडी पाहून आधी हसू आलं, मग रडूच आलं. आत्या, दाढ म्हणजे गोटा नव्हे गं. आत बारीक धाग्यांची जाळी असते, तिला कोलॅजन म्हणतात. किडलेल्या दातात भरायची नवी चिकटणारी भरणी त्या जाळीला किती घट्ट धरते, हेच मी तपासते आहे. उकळून उन्हात टाकलं की जाळीचं मातेरं होतं. म्हणून दाढ औषधाच्या गार पाण्यात ठेवायची.

दोन दिवस तुझ्यावर फार चिडले होते, आता नाही. शहरातले दवाखाने पालथे घातले, तरी दोन दाढा कमी पडताहेत. न किडलेली दाढ कोण उपटून देतं? महिनाअखेर मिळाल्या नाहीत तर परीक्षा सहा महिने पुढे जाईल, असं सर म्हणाले.

माया आहे तशीच असू दे.

तुझी अरुंधती


सावनेर, १८ मे

चि. अरुंधतीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. माझ्या उजवीकडच्या दोन दाढा थंड पाण्यानं सणकून राहिल्या. कीड नाही, आरशात पाहिलं. त्या तू काढून घे, ओल्याच्या ओल्या. सोमवारच्या बसनं येतो. नाही म्हणशील तर बोलणार नाही.

यमुआत्या


प्रताप नगर, २५ मे

ती. यमुआत्यास शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस का? खुर्चीत बसून दाढा काढच म्हणून भांडलीस, ते दवाखान्यात अजून सांगतात. दाढा तुझ्या पाहिजे तशाच होत्या, अगदी निरोगी, म्हणून तर माझा हात दोनदा चिमट्याकडे गेला. पण हिरड्या सरकल्यानं सणकणारी दाढ औषध लावून बरी होते, आणि मी दातांची डॉक्टर आहे. ते औषध रोज लाव.

परीक्षा हिवाळ्यात देईन, सरांना कळवलं आहे. बाबा थोडे रागावले. तुझ्या दाढा तुझ्या तोंडातच राहू देत. दाढ ठेवायला त्याहून चांगली जागा आम्हाला अजून सापडलेली नाही.

तुझी अरुंधती