कॅथरीनची नोट, नंदूची फ्रेम

शुक्र. ६ डिसें.
नोट फ्रेम होऊन आली. नंदू स्वतः बरका गावातल्या त्याच्या फ्रेमच्या दुकानातून आला, भिंतीवर लावून गेला. मेहुण्याने पैसे घेतले नाहीत! तिथेच सावध व्हायला हवं होतं.
कॅथरीन राणीच्या काळातली रशियन नोट, पंचवीस रूबल. ऑफिसातल्या रशियन म्हाताऱ्याने जाताना मला दिलेली. ना राणीचं चित्र, ना रंग. पांढऱ्या कागदावर काळा मजकूर, खाली शाईच्या सह्या. इरा म्हणे, "बाबा, हे मनी नाही वाटत. सर्टिफिकेट वाटतं."

शनि. ७
सकाळी भिंतीवर तिरपं ऊन. वरचे दोन लंबगोल शिक्के गेले कुठे? बिनशाईचे, नुसते दाबून उठवलेले. बाजूने उजेड आला की सावली पडायची. म्हातारा म्हणायचा, छपाई कोणीही करेल, तू बोट फिरव. आता कागद सपाट, त्यात मध्ये काच.
नंदूच्या दुकानात स्कॅनर आहे. भारी प्रिंटरही.

सोम. ९
नंदूला फोन. "दाजी, शिक्के-बिक्के मला काय माहीत? आली तशी बसवली." एवढा शांत कसा? एरवी साध्या गोष्टीवर तासभर भांडतो. आणि नवी गाडी? हप्त्यावर, म्हणे.

बुध. ११
शेवटी सुमाला बोललो. लाटणं थांबलं.
"माझा भाऊ चोर?"
तव्यावरची करपलेली पोळी बाजूला काढली. मग, "अहो, मीच इस्त्री फिरवली. वाफेची. नंदूला द्यायच्या आधी. घडीची रेघ वाईट दिसत होती. ओरडाल म्हणून बोलले नाही."
इस्त्री! अडीचशे वर्षांच्या कागदावर! ओरडलो, पोटभर.
झोपताना सुचलं, आमचे कपडे तर खालच्या लाँड्रीत जातात. ही कधीपासून इस्त्री करायला लागली?

शुक्र. १३
कागदाच्या चारही कडांना आतून अक्षरं आहेत, वॉटरमार्क. इस्त्रीने तो जात नाही, प्रिंटरने येत नाही. उजेडासमोर धरली की कळलं, खरी की खोटी. पण मागे पुठ्ठा, चिकटपट्टी. फाडल्याशिवाय दिसायचं नाही.
फ्रेम उतरवून मांडीवर घेतली. सुमाने पाहिलं. आत जाऊन कटर आणला, टीपॉयवर ठेवला.
"बघा फाडून. खरी निघाली तर नंदूला सॉरी म्हणाल. मला काय म्हणाल?"
नोट खोटी असेल तर गेली, काय करणार. पण ही खोटं बोलली असेल तर? भीती त्याची वाटते.
आतून विचारते आहे, "चहा टाकू का तुमचाही?"
कटर अजून टीपॉयवरच आहे.