शून्य गुणांचं कासव

मंगळवार, अंगारकी संकष्टी. दिवेलागण.

हातून वाईट झालं. ह्यांच्या मोबाइलमधल्या, रस्त्यांवर फिरून प्राणी पकडायच्या नि लढवायच्या खेळात नवे प्राणी ठेवायला जागा उरली नव्हती. हॉस्पिटलात पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, फालतू असतील ते सोडून दे." लेकीने, सुमीने, शिकवलं होतं की प्राण्याचे लपलेले तीन गुण जन्माचे, ते बदलत नाहीत, हल्ले बदलता येतात. म्हणून तांदूळ निवडावे तसे मी कमी गुणांचे वेचून सोडले. त्यात चिंचपोकळीच्या पुलावर ह्यांनी पकडलेलं कासव गेलं. तिन्ही गुण शून्य होते.

सुमी ओरडलीच. "आई, कासव सोडलंस? त्याचा तो जुना खास हल्ला आता खेळात कुणालाच मिळत नाही! बाबा त्याच्यावरच जिंकायचे." सोडलेलं परत येत नाही म्हणे.

सकाळी डॉक्टरांनी ह्यांच्या रिपोर्टातले आकडे बघून नकारार्थी मान हलवली, तेव्हा मी मनात चिडले होते, माणसाकडे बघतच नाहीत म्हणून. आणि मी काय केलं? ते कासव किती लढलं, हे बघितलं का मी?

उद्या हे मोबाइल मागतील. चार्जिंग संपलंय म्हणून सांगेन. संकष्टीच्या उपासात बसून खोटं ठरवतेय. बाप्पा, एवढं बघू नकोस.