झाकलेला शब्द

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय कडूबा,

फोनवर तू ‘व्हय व्हय’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहिते. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. आधी बातमी ऐक, तुझी अक्का जिंकली!

सार्थकची श्रेया आता तिसरीत आहे. मागच्या महिन्यात तिला घरी वीस शब्द दिले होते, वाक्यात उपयोग करा म्हणून. मी पोळ्या लाटता लाटता वाक्यं सांगितली, तिनं लिहिली. दुसऱ्या दिवशी विसांवरही लाल रेघ! तिच्या मराठीच्या मंजुषाबाईंनी खाली गाइडातली वाक्यं लिहून दिलेली. ‘परात मोठी आहे.’ ‘शिवण उसवली.’ पोर रडली ते रडली, वर म्हणाली, आजी, तुला येतच नाही. ते मात्र मला झोंबलं.

चांगलं पातळ नेसले आणि गेले शाळेत. बाईंना म्हटलं, परात मोठी आहे, तशी आमची म्हैसही मोठी होती. वाक्यातला शब्द झाकला तरी पोरांना तो ओळखता आला पाहिजे, तेव्हा ते वाक्य. बाई तरुण आहेत, पण हट्टी नाहीत. तिथंच त्यांनी फळ्यावर गाइडातलं वाक्य लिहून ‘परात’वर हात ठेवला. कुणी म्हणालं शाळा, कुणी बस, एक म्हणाला माझी आत्या. मग माझं वाक्य लिहिलं: ‘पन्नास माणसांचं पीठ एकाच परातीत मळताना काकूचे हात भरून आले.’ अख्खा वर्ग ओरडला, परात! विसातली अठरा ओळखली पोरांनी. बाईंनी स्वतःच्या हातानं लाल रेघा खोडल्या. श्रेया घरापर्यंत नाक वर करून चालली, आणि खरं सांगते, मीसुद्धा.

आता शाळा पुस्तिका छापते आहे. दोनशे शब्द, दोनशे वाक्यं, सगळी माझी. वर नाव मनकर्णाबाई. मी त्या नावावरून चार वेळा बोट फिरवलं.

वर्गात सगळ्यात जास्त हसू कशाला आलं माहीत आहे? ‘चड्डीची शिवण उसवली म्हणून कडूबा दिवसभर भिंतीला पाठ लावून बसला.’ आठवलं ना? माझी शाळा सुटून म्हशी माझ्या गळ्यात पडल्या होत्या आणि तू पाटी घेऊन माझ्या मागं मागं, “अक्का, सांग की गं, नायतर गुर्जी लई मारतेत.” मी सांगायची, तू लिहायचास. तपासणीला साहेब आले, तू वाक्यं वाचलीस, त्यांनी खिशातला पेन काढून तुला दिला. मी खिडकीबाहेर दावं धरून उभी होते. कुणाची वाक्यं, असं त्यांनी विचारलं, आणि तू म्हणालास, माझी. त्याचा राग मी आजवर बोलून दाखवला नाही, पण होता, कडूबा. पुष्कळ होता.

रविवारी दहाला कार्यक्रम आहे. वाक्यं वाचायला कोण, असं बाईंनी विचारल्यावर मी तुझंच नाव दिलं. तीस वर्षं गुरुजी होतास, आवाज अजून खणखणीत आहे. पिशोरहून सकाळची पहिली एसटी धर. या वेळी मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसणार आहे. तू वाच, चड्डीचंही वाच. फक्त सुरुवात करण्याआधी सगळ्यांना सांग, वाक्यं कुणाची ते.

वाट पाहणारी, तुझीच,
अक्का