आधीच लावलेली टिक

आई, आज तुझ्यावर चिडले आहे, पण चिडायचंही त्राण उरलेलं नाही, म्हणून नुसतं लिहिते. तू गेलीस तेव्हा मोबाइल म्हणजे फक्त बोलायचं यंत्र होतं, त्यामुळे मी पोटासाठी काय करते ते तुला ठाऊकच नाही. मोबाइलच्या पडद्यावर कुठे बटण हवं, कुठे चौकट, कुठे गोल, हे मी ठरवते. ऑफिस तेलीबांध्याला आहे, तलावासमोर. सगळं शहर आता या हिंदी राज्याच्या राजधानीच्या तोऱ्यात असतं, आणि मी चौकटी काढत बसते.

सध्या एका दवाखान्याचं ॲप चाललंय. डॉक्टरची वेळ घेताना खाली एक ओळ येते, ‘संपूर्ण तपासणीही करा’. तिच्यापुढे चौकट, आणि चौकटीत टिक आधीच लावलेली. मी म्हटलं, हे चूक आहे. विचारायचंच तर ‘हो’ आणि ‘नको’ असे दोन गोल द्या, दोन्ही रिकामे, माणूस आपल्या बोटाने निवडेल. आमच्या कामातला हा पहिलीचा धडा. साहेब माझ्याहून लहान, आपल्याच मराठी घरातला पोट्टा. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. “दीदी, जिसको नहीं चाहिए वो हटा देगा ना.” कोण हटवतं रे बाबा? आपली माणसं हटवतात होय!

समता कॉलनीतल्या आपल्या स्वयंपाकघरात कोणी हटवलं होतं? बाबांचे रेल्वेतले साहेब जेवायला बसलेत, साखरेचा आजार, दोन्ही हात ताटावर आडवे धरलेत, आणि तू बोटांच्या फटीतून पुरणपोळी सरकवतेस, वर तुपाची धार. “घ्या नं भाऊजी, एकच तं आहे. नको असन तं राहू द्या ताटात.” राहू कोण देतं? त्यांनी मुकाट्याने खाल्ली. मला ताप होता, मी माझी पोळी परत टोपलीत ठेवली, तर सगळ्यांदेखत म्हणालीस, “ताटात आलेलं परत करत नाहीत. काहून एवढी मिजास?” तुझा जीव होता गं त्या वाढण्यात, कळतं मला. पण नको म्हणायचं मी कुठे शिकणार होते?

आज सकाळी साहेबाचा मेल आला. तो पडदा दवाखान्याकडे गेलासुद्धा. “दीदी, आपके नाम से फाइनल भेज दिया. कुछ चेंज हो तो शाम तक बता देना.” शाब्बास! मला विचारलंच नाही, माझा होकार आधीच लावून टाकला. कळवलं नाही तर उद्यापासून तीच टिक लागणार. बीरगावची कारखान्यातली एखादी बाई नवऱ्याचा खोकला दाखवायला येईल, न मागितलेल्या तपासणीचं भलतंच बिल हातात पडेल, आणि ती भांडणारसुद्धा नाही. आपलंच काही चुकलं म्हणेल आणि भरेल.

हे मला मंजूर नाही, माझं नाव काढा, एवढंच लिहायचं होतं. नोकरी जाणार नव्हती, फार तर त्याने चार दिवस तोंड फुगवलं असतं. दुपारभर मेल उघडून बसले. ‘सॉरी’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आता सगळे घरी गेलेत, झाडूवाली दीदी खुर्च्या सरकवून राहिली आहे, खिडकीबाहेर अंधारलंय. त्याची शाम कधीच उलटून गेली. त्याला दोन ओळी लिहायच्या होत्या, त्या लिहिल्याच नाहीत. तुला मात्र एवढं लिहून काढलं.