कमची न ठेवता काढलेली फाइल

भाऊ, तुम्हाला जाऊन पस्तीसेक वर्षं होऊन गेली, आणि आज मी लिहायला बसले ती एका यंत्रामुळे. कचेरीत कॉम्प्युटर आला आहे. माझ्या निवृत्तीला सात महिने उरलेले, पण साहेबांनी मलाही त्याच्या शिकवणीला बसवलं. नागपूरहून एक मुलगी शिकवायला येते, माझ्या भाचीच्या वयाची. तिने फळ्यावर एक चौकोन काढला, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, आणि म्हणाली की यंत्रात फाइली अशा खणात खण करून ठेवतात. फाइलीचं खरं नाव म्हणजे तिच्यापर्यंत जायची सगळी वाट. म्हणून एकाच नावाच्या दोन फाइली दोन वेगळ्या खणांत सुखाने नांदू शकतात. बाकीचे डोकं खाजवत होते. मला मात्र तुम्ही सांभाळत होतात तो आपला दप्तरखाना दिसायला लागला. सागवानी मांडण्या, लाल कापडाचे बस्ते, त्यांत घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास. तहसील, तहसिलीच्या पोटात मंडळ, मंडळात गाव, गावाचा बस्ता, बस्त्यात फाइल. 'नुसतं गाव नोको सांगू बाई, या नावाची तीन गावं आहेत, तहसिलीपासून सांग,' असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वडील त्याच कचेरीत होते, ते गेले आणि मला नकला करायच्या कामावर घेतलं. अख्ख्या कचेरीत बाईमाणूस मी एकटी. बाकीचे माझ्याशी एक तर फार गोड बोलत, नाही तर बोलतच नसत. तुम्ही सरळ कामाला लावलंत. पहिल्याच आठवड्यात मी एका जुन्या फाइलीत चुकीचा पडलेला आकडा पेन्सिलीने नीट केला, शाबासकी मिळेल म्हणून तुम्हाला दाखवलाही. तुम्ही रबर काढलंत, माझा आकडा अलगद पुसलात आणि म्हणालात, "वाचाले शंभर जण येऊ दे, पन लिहाले हात एकच पायजे. त्यानं चूक केली असन तं ते त्याची चूक आहे. तू आपल्या कागदावर बरोबर लिह्य." त्या दिवशी मी तोंड फुगवून घरी गेले. परवा ती मुलगी सांगत होती की यंत्रात दर फाइलीला मालक असतो, वाचायची परवानगी वेगळी आणि लिहायची वेगळी, आणि मी मनात म्हटलं, चला, चाळीस वर्षांनी तरी कोणाला पटलं.

आणि कमच्या. दुपारचा डबा खाऊन झाला की तुम्ही व्हरांड्यात बसून बांबूच्या कमच्या तासायचात, टोकाला चीर पाडायचात. फाइल काढली की तिच्या जागी कमची खोचायची आणि चिरेत चिठ्ठी, कोणी नेली आणि कोणत्या दिवशी. बस्ता उघडला की कोणती फाइल कोणाकडे आहे ते एका नजरेत कळायचं. साहेबांनी फाइल मागवली तरी त्यांच्या नावाची कमची बसायची. नियम फक्त तुम्हाला लागू नव्हता. मी एकदा थट्टेने विचारलं, तर म्हणालात, चाबी माझ्या कमरेला, यादी माझ्या डोक्यात, मी मलाच काय चिठ्ठी लिहू. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तो हिवाळा. सगळ्या याद्या नव्याने करायच्या होत्या. मी गडचिरोलीपलीकडच्या एका जंगलगावाची फाइल काढते. त्या गावाने कोणत्या रानातून बांबू आणि जळण आणायचं, त्या हक्काचा कागद तिच्यात आहे. मला एकच नोंद बघायची आहे, दोन मिनिटांचं काम. कमच्यांची टोपली खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी उठत नाही. तेवढ्यात साहेबांचं बोलावणं येतं, एक लांबलचक पत्र उतरवून घ्यायला. परत येते तेव्हा समोर जंगलखात्याच्या पत्रव्यवहाराचा बस्ता उघडा पडलेला असतो. फाइल जंगलाची, बस्ता जंगलाचा. मी ती त्यात सारते, गाठ मारते आणि विसरून जाते. फाइल गावाखाली राहते, विषयाखाली नाही, हे तुम्ही शंभरदा सांगितलेलं. मला त्या घटकेला माझंच शहाणपण जास्त वाटलं.

दहा-बारा दिवसांनी त्या गावचे पाटील आले. गोंड म्हातारे, पाय धुळीने पांढरे झालेले. जंगलखात्याचा नाकेदार बांबू तोडू देत नव्हता आणि सुनावणीसाठी त्यांना नक्कल हवी होती. तुम्ही बस्ता सोडलात. जागा रिकामी, आणि कमची नाही. तुम्ही मला विचारलंत, "तू काढली होती काय?" मी नाही म्हटलं. तेव्हा मला खरंच आठवलं नाही भाऊ, एवढं तरी माना. तुम्ही म्हणालात, "कमची नाई, म्हंजे माह्याच हातून गेली." दुसऱ्या कोणावर संशय घ्यायचा विचारही तुमच्या मनात आला नाही. कमची न ठेवता फाइल काढणारा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि त्याला तुम्ही चांगलं ओळखत होतात.

पाटील तीनदा आले. तुम्ही त्या तहसिलीचे सगळे बस्ते सोडलेत, पुन्हा बांधलेत. तिसऱ्या वेळी पाटील रागावलेसुद्धा नाहीत. नुसते म्हणाले, "कागद तुमच्यापाशी हाय मनून आमी घरी ठेवला नाई जी." त्याच दुपारी तुम्ही कमरेची चाबी सोडून साहेबांच्या टेबलावर ठेवलीत. कोणी मागितली नव्हती. नोकरीचं वर्ष बाकी होतं. साहेबांनी समजावून पाहिलं, तुम्ही ऐकलं नाहीत आणि भद्रावतीला घरी गेलात.

महिनाभराने मी जंगलखात्याचा बस्ता सोडला आणि फाइल वरच होती. त्या क्षणी सगळं आठवलं, साहेबांचं बोलावणं, ते पत्र, मारलेली गाठ. ती मुलगी म्हणते की यंत्रात फाइल पुसली तरी ती लगेच जात नाही, यादीतलं नाव तेवढं जातं. वस्तू तिथेच पडलेली असते, पत्ता हरवलेला असतो. तसंच होतं ते. तुमच्या हातापासून चार पावलांवर ती महिनाभर पडून होती. मी ती गावाच्या बस्त्यात ठेवली आणि कचेरीत सांगितलं की दोन फाइलींच्या मध्ये चिकटून राहिली होती. नक्कल गेली, उशिरा का होईना गावाला बांबू मिळाला. सगळे खूश झाले.

मग मी भद्रावतीला आले, आठवतं? खरं सांगायलाच आले होते. तुम्ही अंगणात कमच्या तासत बसला होतात, कचेरी सुटली तरी हाताची सवय सुटली नव्हती. तुमच्या घरच्या बाईंनी चहा दिला. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "सापडली काय?"

मी म्हटलं, हो.

"कुठी?"

सगळं ओठांवर आलं होतं. कशाला भ्याले? नोकरीला, घरातल्या दोन धाकट्या बहिणींना, आणि सगळ्यात जास्त तुम्ही माझ्याकडे कसे बघाल त्याला. मी म्हटलं, "गावाच्याच बस्त्यात भाऊ. दोन फाइलींच्या मधात चिकटली होती."

तुम्ही चाकू खाली ठेवलात. "म्हंजे मी तिले हात लावला आन् मले दिसली नाई," तुम्ही म्हणालात. मग तयार कमच्यांची जुडी मला दिलीत, आता तुलाच लागतील म्हणून. मी ती घेतली आणि बस गाठली.

पुढच्याच चैत्रात तुम्ही गेलात. बाईंनी मला नंतर सांगितलं की शेवटी शेवटी तुमचा स्वतःवर भरवसाच उरला नव्हता. कडी लावली की नाही ते तीनतीनदा बघायचात. मी जेवलो काय, असं त्यांना विचारायचात. अख्ख्या जिल्ह्याची गावं तोंडपाठ असलेला माणूस, भाऊ. ते मी केलं.

आता चांद्याचं चंद्रपूर झालं आहे, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि तिकडचे बस्ते ट्रकात बसून गेले. ती फाइलही गेली. मी मात्र इतकी वर्षं कमचीशिवाय एक कागद काढला नाही, चाबी माझ्याकडे आल्यावरसुद्धा नाही. लोक त्याला माझी शिस्त म्हणतात. ती शिस्त नाही, भीती आहे. परवा मुलीने सांगितलं की यंत्रात सगळ्यांच्या वर एक जण असतो, त्याला कुठलीच आडकाठी नसते. मी विचारलं, फाइल गेली आणि दुसऱ्या कोणाची नोंद नसली, तर? ती म्हणाली, मग त्यानेच केलं असं समजायचं. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार. तुमच्या जुडीतली एक कमची अजून माझ्या कपाटात आहे, तिच्याबरोबर ठेवीन. पण एक गोष्ट राहिली. शिकवणी संपल्यावर मी त्या मुलीला तुमच्याबद्दल सांगितलं, बस्ते, रबर, कमच्या. तिला फार आवडलं. मग तिने विचारलं, पुढे काय झालं त्यांचं? समोर बावीस वर्षांची परकी पोर, तुम्ही नाही, साहेब नाहीत, माझी नोकरीही संपत आलेली. आणि मी म्हटलं, शेवटी डोळे गेले हो त्यांचे. एक फाइल हाताखाली होती, तीही दिसली नाही.