नुसता हात लावायचा

कापडे, १२ जानेवारी १९५९

चि. सहदेव यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सारे खुशाल, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. खरं तर दिवाळीला तू मुंबईच्या मैदानावरून आणलेल्या त्या लंबगोल चेंडूनं घरात उच्छाद मांडलाय. भात झोडून शेतं मोकळी झाली आणि गावचे बाप्ये चेंडू काखेत मारून पळायला लागले. ज्याच्याकडे चेंडू त्याला सगळ्यांनी मिळून आडवा पाडायचा, हा म्हणे साहेबांचा खेळ. परवा तुझ्या दाजींच्या अंगावर चौघे पडले नि खांदा निखळला. बिरवाडीच्या वैद्यानं बसवला. सासूबाईंनी बजावलं, पुन्हा त्या शेतात पाय टाकलास तर मी जेवायची नाय. घरोघरच्या बायांनी हेच केलं, खेळ बंद. पण ह्यांचा जीव थाऱ्यावर नाही. ओटीवर नुसत्या येरझारा. मला ते बघवत नाही. काही उपाय असेल तर कळव.

तुझी अक्का, आनंदी

मुंबई, २० जानेवारी

ती. सौ. अक्कास सहदेवचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं, रागावू नकोस. मालोजी दाजी काय आता विशीतले आहेत? मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारताना बघतो, सरावाला साहेबलोक पाडापाडी करतच नाहीत. पळणाऱ्याला नुसता हात लावायचा. हात लागला की त्यानं थांबायचं, चेंडू खाली ठेवून पायानं मागच्या गड्याकडे सारायचा. हात न लागता रेघेपार गेला तर गुण. सासूबाईंना एवढं समजाव. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

सहदेव

कापडे, १६ फेब्रुवारी

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

तुझं औषध जरा जास्तच लागू पडलं. हाडं मोडत नाहीत म्हटल्यावर सासूबाई निवल्या. आता परकर खोचून पोरी पळतात, हैबतीकाका धोतर सावरत पळतात, उमरठहूनही माणसं येतात. सगळ्यांना या म्हटलं होतं, म्हणून ओढ्यापलीकडच्या वाडीतला भागोजी आणि त्याचे सोबतीही आले. त्यांच्या हातचं पाणी आमच्या गावात चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. भागोजीनं चेंडू घेतला आणि कुणी हातच पुढे करीना. तो सरळ रेघेपार. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. रोज त्यांची बाजू जिंकते आणि तुझे दाजी चडफडत घरी येतात. नियमात काही दुसरी वाट आहे का, असं त्यांनी विचारायला सांगितलंय.

आनंदी

मुंबई, २३ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

दुसरी वाट नाही. हात लावायचा किंवा हरायचं. मी इथे भागोजीच्या थोरल्या भावाशेजारी राहतो, एका मडक्यातलं पाणी पितो. तुझ्या सासूबाईंच्या धाकानं आजवर लिहिलं नव्हतं. आता हवं तर त्यांना वाचून दाखव. धाकट्यावर माया राहू दे.

सहदेव

कापडे, ३ मार्च

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

चुलीवर भात ठेवून लिहितेय, अक्षर सांभाळून घे. आज भागोजी चेंडू घेऊन निघाला, सगळे नेहमीसारखे बाजूला झाले. रेघेच्या अलीकडे, तुझ्या दाजींच्या पुढ्यात तो थांबला. म्हणाला, असे फुकटचे गुण मला नकोत. शिवायचं असंल तर शिवा, नायतर उद्यापासून मी येणार नाय. ह्यांनी दुखरा हात उचलून भागोजीच्या पाठीवर ठेवला. भागोजीनं चेंडू खाली ठेवला, पायानं मागे सारला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

बातमी आमच्या आधी घरी पोचली. सासूबाईंनी अंगणात पाण्याची बादली ठेवली, आंघोळ केल्याबिगर आत यायचं नाय म्हणाल्या. हे म्हणाले, घामाची आंघोळ सकाळी करीन, याच्यासाठी करणार नाय. तेव्हापासून हे अंगणात आणि सासूबाई उंबऱ्यात. मी चूल आणि दार यांच्यामध्ये सारखी ये-जा करतेय. या घरात आल्यापासून सासूबाईंचा शब्द मी कधी मोडला नाही.

भात झालाय. दोन ताटं वाढली आहेत, ह्यांचं आणि माझं. उंबऱ्यात सासूबाई आहेत, त्यांच्या अंगावरूनच बाहेर जावं लागेल. जाते. आमच्यावर लोभ असू दे.

तुझी अक्का, आनंदी