माझ्या बाजूचे सहा गोल

उइटहॉर्न,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुदर्शन,

तू मजेत असशीलच, तुझं काय बिघडतंय. आम्ही तिघंही ठीक. योगिनी रोज रॉटरडॅमला ऑफिसला जाते, ईशानी माझ्या मराठीला डचमध्ये उत्तरं देते आणि मी घर सांभाळतो.

आता मुद्द्याचं. आजचं आपलं ‘समोरासमोर’ सदर वाचलं. अर्जेंटिनाचा फुटबॉल सुधारला की बिघडला, यावर आपण पुण्यात वर्षानुवर्षं दर रविवारी छापून भांडलो. चेंडू पायाशी खेळवत समोरच्याला नाचवणं हाच त्यांचा खरा खेळ, ही तुझी बाजू. धावा, चेंडू हिसकावा, जिंका, ही माझी. मी इकडे आल्यापासून माझी बाजूही तूच लिहितोस, माझ्या नावाने, आणि संपादकांना वाटतं मी इथून पाठवतो. पण किती भिकार लिहितोस रे.

‘ट्युलिपच्या देशात बसून’ ही काय सुरुवात झाली? ट्युलिप मी फक्त सुपरमार्केटच्या बादलीत पाहतो. पुढे ‘खेळाचा आत्मा’. माझ्या तोंडी आत्मा? आत्मा तुझ्या बाजूला असतो, माझ्याकडे धाप लागलेली माणसं असतात. आणि अठ्ठावन्नच्या विश्वचषकात अर्जेंटिनावाले चेकोस्लोव्हाकियाकडून सहा गोल खाऊन परतले आणि त्यांच्याच क्रीडालेखकांनी जुन्या खेळावर झोड उठवली, हा माझा हुकमाचा एक्का. तो तू एकदाही टाकला नाहीस. त्यामुळे दर रविवारी मी शाळकरी पोरासारखा हरतो आणि तू मखरात बसतोस.

जेवताना हेच योगिनीला ऐकवत होतो. ती म्हणाली, “इतका राग येतोय तर स्वतः का लिहीत नाहीस? कोणी अडवलंय तुला?”

मी डिशवॉशर लावायला उठलो.

तू मजकूर मागत होतास तेव्हा मी उत्तरही दिलं नाही, ते तुला ठाऊक आहे. लिहायला बसलो की समोर कोणीच नसायचं. इथले शेजारी सज्जन आहेत, हवामानावर बोलतात आणि लगेच सहमत होतात.

काल तुमच्या क्रीडा विभागातल्या आशुतोषचा फोन आला. म्हणाला, संपादकांना माझी जागा त्या रील्सवाल्या गौरवला द्यायची होती, पण दर आठवड्याला तू ‘विवेकचा मजकूर आलाय’ असं सांगत राहिलास. मला तुझा आणखीच राग आला. जागा राखायची होती, तर निदान बरं तरी लिहायचंस. फोन ठेवल्यावर मात्र तू माझ्या नावाने लिहिलेलं सगळं पुन्हा काढून वाचलं.

पुढच्या रविवारची माझी बाजू सोबत जोडली आहे. सहाच्या सहा गोल त्यात आहेत. एक शब्द बदललास तर याद राख. आणि तुझी बाजू जरा तयारीने लिही, आता समोर मी आहे.

तुझा कायमचा विरोधक,
विवेक